राजूर आलं की वारा बंद

आमच्या गाडीचा एसी बिघडला तेव्हा मी निम्म्या तालुक्याशी भांडले. आता ते सांगायला लाज वाटत नाही, कारण शेवटी सगळं नीट झालं. नीट झालेल्या गोष्टीतल्या आपल्या चुका माणसाला हसत सांगता येतात.

पिंपळगाव रेणुकाईत माझी पिठाची गिरणी आहे. चक्की चालू असताना बोलायचं म्हणजे ओरडायचंच असतं, आणि ती सवय चक्की बंद झाल्यावरही जात नाही. माझे यजमान म्हणायचे, "बटन बंद झालं, आता तूबी बंद हो." मी काही बंद व्हायची नाही. गिऱ्हाइकाचं दळण बदललं, लाइट गेली, पट्टा सुटला, प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे एक बोल तयार असायचा. त्यात यजमान आजारी पडल्यापासून माझ्या रागाला धरबंदच राहिला नव्हता.

आजारी म्हणजे, दोन वर्षांपूर्वी ते गोठ्याचे पत्रे ठोकायला वर चढले आणि पाठीवर पडले. वरच्या मणक्याला मार बसला. नस पूर्ण तुटलेली नाही, असं डॉक्टर म्हणाले, आणि त्या एका वाक्यावर आम्ही आजवर जगत आलो आहोत. पाय गेले, हात अर्धे राहिले. पण ज्याची कुणीच कल्पना देत नाही ती गोष्ट वेगळीच होती. छातीच्या खाली त्यांना घामच येत नाही. घाम यायला मेंदूचा निरोप खाली पोचावा लागतो आणि यांच्या अंगात तो निरोप मध्येच अडतो, असं डॉक्टरांनी समजावून सांगितलं. त्यामुळे बाहेर ऊन चढलं की यांचं अंगही चढतं. आपल्याला उकडतं, यांना सरळ ताप भरतो. "बाकीच्यांसाठी एसी चैन असेल, यांच्यासाठी औषध समजा," हे डॉक्टरांचे शब्द.

म्हणून आम्ही एक जुनी गाडी घेतली आणि वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी मी गाडी चालवायला शिकले. गावात लोक हसले. हसू देत. दर मंगळवारी आणि शुक्रवारी गिरणी जाऊबाईंच्या हवाली करायची, यांना फळीवरून सरकवत पुढच्या सीटवर घ्यायचं, चाकांची खुर्ची डिकीत टाकायची आणि जालन्याला थेरपीला जायचं. जायला दोन तास, यायला दोन तास. थेरपीच्या मॅडम वयाने लहान पण कडक. त्यांनी यांच्याकडून जे करून घेतलं ते आम्ही सोडून दिलं होतं. फेब्रुवारीत एके सकाळी यांनी स्वतःच्या शर्टाची गुंडी स्वतः लावली. एकच गुंडी, पण मी दाराआड उभी राहून तेवढा वेळ श्वास धरून होते. मॅडम म्हणाल्या, "हात जागे होताहेत. आता खंड पाडू नका. हे दिवस गेले की परत येत नाहीत."

आणि मार्च संपता संपता एसीचं दुखणं सुरू झालं.

सकाळी जाताना काही प्रश्न नसायचा. गारव्यात काचा उघड्या ठेवूनच आम्ही जायचो. परतताना बारा-साडेबारा व्हायचे, तेव्हा काचा बंद आणि एसी चालू. जालना सुटलं की झकास गार हवा. यांचे डोळे मिटायचे, माझं मन हलकं व्हायचं. पण वाटेत राजूर आलं की खेळ खलास. डोंगरावरचं देऊळ दिसायला लागायचं आणि इकडे गाडीत भट्टी पेटायची. मग मी एखाद्या झाडाखाली गाडी उभी करायची, काचा खाली करायच्या, यांच्या अंगावर ओले टॉवेल टाकायचे. अर्धा-पाऊण तास असा काढून परत गाडी सुरू केली की एसी पुन्हा चांगला, जसं काही घडलंच नाही.

राजूरच्या पुढे भोकरदनला एक मेकॅनिक आहे, आमच्याच ओळखीतला. त्याच्या दुकानाशी पोचेपर्यंत एसी ठणठणीत झालेला असायचा. त्याने डॅशबोर्डवरच्या हवेच्या जाळीपुढे हात धरला आणि म्हणाला, "काकू, बर्फावानी हवा येऊन राह्यली की."

"मंग मी खोटं बोलून राह्यले का?"

"तसं न्हाई म्हणलो मी."

त्याने गॅस भरून दिला. पुढच्या मंगळवारी राजूर आलं आणि वारा बंद. मी पुन्हा त्याच्या दारात. त्याने पुन्हा हात धरला, पुन्हा बर्फावानी हवा. तेव्हा मी चार गिऱ्हाइकांसमोर त्याला असं झाडलं की शेजारच्या पंक्चरवाल्याने हातातलं काम थांबवलं. "गॅस भरायचं सोडून तुला येतं काय?" असं काहीतरी मी बोलले. त्याने मान खाली घातली. दुसऱ्या एकाने कॉम्प्रेसर बदलायला सांगितला. तिसरा म्हणाला, गाडी विकून टाका. त्याला मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दुखणं असं की दवाखान्यात पोचलं की पळून जायचं. पोराच्या पोटात शाळेच्या वेळेला दुखतं तसं. फरक एवढाच की इथे मी आईसारखी कान धरू शकत नव्हते.

मे महिन्यातला तो शुक्रवार मला विसरायचा आहे आणि विसरता येत नाही. राजूरच्या जरा अलीकडेच वारा थांबला. सावलीचं झाड धरेपर्यंत दहा मिनिटं गेली असतील. पाहते तर यांचा चेहरा लालबुंद, अंग कोरडं ठणठणीत, आणि बोलताना जीभ जड. मी तापमापी लावली. एकशे दोनच्या वर. समोर रसवंती होती. मी धावत गेले आणि त्या माणसाला म्हणाले, "बर्फ द्या, माझा माणूस चाललाय." त्याने काही विचारलं नाही. पोत्यात गुंडाळलेली अख्खी लादी उचलली आणि माझ्या मागे पळत आला. आम्ही दोघांनी बर्फ फोडून काखेत, मानेखाली, जांघेत ठेवला. तासाभराने ताप उतरला. रसवंतीवाला तोवर दुकान सोडून तिथेच उभा होता. त्याचे आभार मानल्याचंही मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी हे म्हणाले, "आता बास. पाऊस पडेपर्यंत जालना बंद."

"मॅडम काय म्हणल्या ऐकलं ना? खंड पाडू नका म्हणल्या."

"मॅडमच्या गाडीचा एसी चालत असंल. माझा हात जागा करता करता तू मला पुरा झोपवशील."

ते थट्टेत म्हणाले, पण मला ते लागलं. त्यांचंही चुकत नव्हतं. रस्ता धरला तर जिवाला धोका, घरी बसलो तर हात पुन्हा झोपणार. पाऊस पडेपर्यंत म्हणजे दीड महिना, आणि आमच्याकडचा पाऊस काही सांगून येत नाही. मी एवढंच म्हणाले, "येत्या मंगळवारी एकदा चला. मंग तुम्ही म्हणाल तसं." ते हो म्हणाले नाहीत, पण नाही पण म्हणाले नाहीत.

मंगळवारी यांना मॅडमच्या हवाली करून मी पायरीवर बसले होते. तिथल्या रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरने माझं तोंड बघून काय झालं ते विचारलं. मी सगळी कर्मकथा सांगितली. तो म्हणाला, "मोंढ्याच्या मागं एक चाचा हायेत. आमच्या गाड्यांचे एसी तेच बघतात. पण तिथं भांडू नका, ताई. ते ऐकून घेत न्हाईत." माझी कीर्ती जालन्यापर्यंत पोचली होती की माझ्या चेहऱ्यावरच लिहिलेलं होतं, देव जाणे.

चाचांचं दुकान म्हणजे घराच्या पुढचीच एक खोली. आत बायकांचं उर्दूत बोलणं चाललेलं, पडद्याआडून एका हाताने मला पाण्याचा तांब्या दिला. चाचा साठी ओलांडलेले, कडक इस्त्रीचा शर्ट, हाताला कुठे काळा डाग नाही. असा स्वच्छ मेकॅनिक मी पाहिला नव्हता आणि त्यामुळे माझा विश्वासही बसला नाही.

"काय होतं?"

"एसी गार करत न्हाई."

"ते तुमचं मत झालं. होतं काय, ते सांगा."

दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर मी भडकले असते. पण ड्रायव्हरचं बोलणं आठवून गप्प बसले आणि राजूरची गोष्ट सांगितली.

"तिथं हवा गरम येते, का हवाच येत न्हाई?"

दोन महिने मी सगळ्यांना सांगत सुटले होते की एसी गार करत नाही. पण खरं पाहिलं तर हवा कधी गरम आलीच नव्हती. ती कमी कमी होत जायची आणि मग थांबायची. पंख्याचा आवाज चालू, वारा नाही. हे मला कुणी विचारलं नव्हतं, आणि मीही कुणाला बोलू दिलं नव्हतं.

"हवाच येत न्हाई," मी म्हणाले.

"आणि गाडी उभी केल्यावर खाली पाणी सांडतं का?"

"लई सांडतं. एकदा कुत्रं येऊन पिऊन गेलं."

चाचा पहिल्यांदा हसले. "बराबर. चला, मला राजूरच्या रस्त्यानं घेऊन चला. बीमारी जिथं निघते तिथंच बघावी लागते."

त्यांनी पुढच्या सीटवर बसून खिशातून शिवणाचा दोरा काढला, त्याचा वीतभर तुकडा जाळीला बांधला आणि डोळे मिटून घेतले. दोरा वाऱ्यावर आडवा होऊन फडफडत होता. मी काचा बंद करून चालवत राहिले. पंचवीसेक मिनिटं काही फरक नाही. माझ्या मनात येऊन गेलं की हा म्हातारा गार हवेत झोप काढायला आला आहे. मग दोरा जरासा खाली आला. मी काही बोलणार तोच चाचा डोळे न उघडता म्हणाले, "बघून राह्यलो." दहा मिनिटांनी दोरा सरळ खाली लोंबत होता आणि माझ्या कपाळावरून घामाच्या धारा लागल्या होत्या.

"थांबा. इंजन बंद, पंखा बंद. आता ऐका."

मी कान लावला. डॅशबोर्डच्या आतून बारीक तडतड येत होती.

"बर्फ हाय तो," चाचा म्हणाले. "तुमच्या गाडीत गारवा कमी न्हाई, ज्यादा हाय. आत गारवा करणारी दुसरी जाळी हाय, ती बर्फानं बंद होते, मंग वारा कुठून येईल? गाडी उभी राह्यली की बर्फ पिघळतो, पाणी खाली, एसी चालू. मेकॅनिकपाशी जाईपर्यंत सबूत गायब."

बाहेर डांबर वितळायला आलं होतं आणि आमच्या गाडीच्या पोटात बर्फ धरला होता. मला हसावं की रडावं कळेना.

"पण बर्फ धरतो का? वारा कुठंतरी अडतो म्हणून. तो कुठं अडतो, ते बघू." असं म्हणत त्यांनी आपल्या पुढ्यातला डॅशबोर्डचा खण उघडला, त्याच्या दोन्ही कडा दाबून तो खाली उतरवला, आत हात घातला आणि ओढलं. हातात आलं ते कडक, पांढरं-पिवळं, घडीचं काहीतरी. पावसाळ्यात ओलसर राहिलेल्या पापडासारखं.

"ताई, हे काय हाय?"

ते काय आहे हे मला बघताक्षणी कळलं.

ते फडकं माझंच होतं. दिवाळीच्या सुमारास गाडीची सर्व्हिसिंग केली तेव्हा तिथला माणूस म्हणाला होता की आतला फिल्टर खराब झालाय, नवा मागवावा लागेल. मी म्हणाले, मागवायचं कशाला? गिरणीत पीठ उडू नये म्हणून आम्ही चक्कीच्या तोंडाला कापडी बाही बांधतो. हवा निघून जाते, पीठ आत राहतं. त्यातून माझा जन्म गेला. मी घरी आले, गिरणीच्या बाहीचं कापड कापलं, चौपदरी घडी घातली, आणि ती नीट बसावी म्हणून उलथण्याच्या दांड्याने फिल्टरच्या जागी आत ढकलली. यांच्या छातीत धूळ जाऊ नये, एवढाच माझा हेतू. त्या दिवशी मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं. मग थंडी आली, एसी लागला नाही, आणि मी ते साफ विसरून गेले. गाडी मात्र रोज गिरणीच्या दाराशी उभी. माझ्या साडीला, हाताला, केसाला पीठ. ते सगळं त्या फडक्यावर बसलं, वर ओल्या टॉवेलांचा दमटपणा, आणि त्याची खळ झाली.

मी सगळं कबूल केलं. चाचांनी फडकं उन्हात धरून बघितलं. पलीकडचा उजेड दिसत नव्हता.

"गाडीला पीठ खाऊ घालून राह्यल्या तुम्ही," ते म्हणाले. मग त्यांनी टॉर्च लावून आत पाहिलं आणि मला दाखवलं. बर्फाने पांढऱ्या झालेल्या जाळीजवळ एक बारीक तार लोंबत होती. ती जाळीला टेकून असते आणि गारवा फार झाला की एसीला थोडा वेळ थांबवते. माझ्या उलथण्याने ती जागची हलली होती. म्हणजे वाराही मीच अडवला होता आणि राखणदारही मीच हाकलला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण माझ्या काखेतला कळसा मीच लपवून ठेवलेला होता.

मी भांडायला तयार होऊन आले होते आणि भांडायला समोर कुणीच नव्हतं. मला त्या रस्त्याच्या कडेला इतकं बरं वाटलं की मी मोठ्याने हसले. कॉम्प्रेसर नाही, गॅस नाही, गाडी विकणं नाही. एक फडकं! चाचाही हसले. दुकानी परत आल्यावर त्यांनी जाळी हळूहळू धुतली, तार जागेवर बसवली, नवा फिल्टर घातला आणि बजावलं, "राजूर वलांडलं की मला फोन करायचा. बिलकुल इसरायचं न्हाई."

यांना आणायला गेले तर हे खुर्चीत बसून माझी वाट बघत होते. उशीर झाला म्हणून चेहरा पडलेला. गाडीत बसवता बसवता मी सगळं सांगितलं. फडक्यापाशी आले तेव्हा आवाज आपोआप खाली गेला. हे खो खो हसायला लागले. पडल्यापासून मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. "साऱ्या गावाचं दळण बारीक दळतीस," ते म्हणाले, "आन् माझं जाडं भरडं करून ठेवलंस व्हय?" मी रागावल्यासारखं केलं, पण मला त्यांच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटत होतं. मी तसं बोलूनही दाखवलं. हे म्हणाले, "चल आता, ऊन वाढलं."

राजूर आलं. देऊळ दिसलं, देऊळ मागे पडलं, रसवंती मागे पडली. वारा तसाच. पुढे दोन-तीन गावं गेली तरी मी जाळीपुढे हात धरून बघत होते. फोन करायचा मी विसरलेच. चाचांचाच आला. गाडी कडेला घेऊन मी म्हणाले, "चाचा, चालू हाय." तिकडून आवाज आला, "बस. मंग जेवतो मी आता."

भोकरदनला त्या मेकॅनिकच्या दुकानासमोर मी गाडी उभी केली. इंजिन चालूच ठेवलं. तो मला बघून उठून उभाच राहिला, बिचारा. मी त्याला सगळ्या गिऱ्हाइकांसमोर सांगितलं की चूक माझी होती, चोर सोडून मी संन्याशाला फाशी दिली. तो म्हणाला, "काकू, मी बी खण उघडून बघितला न्हाई. बघाय पाहिजे होता." मग हळूच विचारलं, "फडकं खरंच गिरणीचं होतं?" मी हो म्हणाले. पंक्चरवाला तोंड फिरवून हसला, आणि मी त्याला हसू दिलं.

भोकरदन सोडलं. तीन वाजत आले होते, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. यांनी काखेत तापमापी धरून ठेवली होती, ती मी काढून बघितली. अठ्ठ्याण्णव. मी पुन्हा बघितली. तेवढंच. गेले दोन महिने मी रोज मनातल्या मनात ज्याची भीक मागत होते तो आकडा समोर होता.

आमच्या गावाची वाट धरली तेव्हा यांनी मान माझ्याकडे वळवली.

"जरा कमी कर की. नाक गार पडलं."

मी कमी केलं नाही. उन्हासाठी डोक्याला बांधलेली ओढणी सोडून त्यांच्या गळ्याभोवती टाकली. त्यांनी आपल्या अर्ध्या जाग्या हाताने ती ओढून नीट केली, बराच वेळ लागला, पण केली. मग समोर बघत म्हणाले, "शुक्रवारी येताना माझा स्वेटर घे गाडीत."

मी नुसती मान हलवली. बोलले असते तर रडू फुटलं असतं, आणि गाडी मीच चालवत होते.